निमी वडके आणि लिंडनरांची किटली

निमी वडके कुठल्याही नव्या जागी गेली की आधी ती जागा वाजवून बघायची. दार, टेबल, रेडिएटर, ट्रामचा खांब, काहीही. मधलं बोट वाकवून पेरानं टक् करायचं, मान डावीकडे कलती करायची, क्षणभर ऐकायचं, आणि मग निकाल द्यायचा. "ठीक आहे" किंवा "पोकळ आहे". तिसरा निकाल नसायचा. ड्रेस्डेनच्या आमच्या वोनहाइममध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात, ती माझ्या शेजारच्या खोलीत राहायला आली, तेव्हा मी कॉरिडॉरमध्ये कॉफीचा मग घेऊन स्वागताला उभी होते. पुण्याची मुलगी येणार म्हणून मी दोन दिवस आधीपासून खूश होते. ती आली, दोन्ही बॅगा तिनं भिंतीला टेकवल्या, माझ्याकडे न बघता खोलीचं दार वाजवलं, "पोकळ आहे" म्हणाली आणि मग कुठे माझ्याकडे वळून हसली.

पाचच मिनिटांत तिनं आमच्या सामाईक स्वयंपाकघरातला माझा तांब्या उचलला. आईनं येताना दिलेला, लक्ष्मी रोडवरून खास हाताचा म्हणून घेतलेला. निमीनं तो वाजवला.

"हा मशीनवर दाबलेला आहे गं. वरची मठार नुसती दाखवायला पाडलीय."

मठार म्हणजे हातोडीनं भांड्यावर उठवलेले ते बारीक खळगे. ते बघूनच आईनं तांब्या घेतला होता. मी म्हटलं, "तुला काय माहीत?"

"आम्ही तांबट आळीतले. आमच्या बाबांनी जन्मभर हेच केलं. फसवलं तुझ्या आईला."

हे वाक्य ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की पलीकडच्या खोलीतला चिनी मुलगा दार उघडून बघायला आला. निमीचं बोलणं कायमच तसं. लहानपण ज्या घरात गेलं तिथे सकाळी आठपासून हातोड्या सुरू व्हायच्या, त्यामुळे हळू बोलणं तिथे कुणाला ऐकूच यायचं नाही. "आमच्याकडे सगळे अर्धे बहिरे," असं ती अभिमानानं सांगायची. आणि ट्राममध्ये बसून, जिथे जर्मन लोक पानही हळू उलटतात, तिथे ती मला तीन सीट पलीकडून विचारायची, "मेधा, कोथिंबीर कुठं मिळते गं?" मी खिडकीबाहेर बघत ही बाई आपल्या ओळखीची नाही असं दाखवायचे.

आता आणखी पुढे जाण्याआधी कबूल करून टाकते. मी निमीवर जळायचे. थोडं नाही, चांगलं पोटात दुखेपर्यंत. आणि त्याला कारण काय, तर काही नाही. मी वर्गात पहिली आलेली, जर्मनच्या सगळ्या परीक्षा दिलेली, प्रोफेसरांच्या नावापुढच्या दोन-दोन पदव्या न चुकता उच्चारणारी. निमीचं जर्मन म्हणजे वीस-पंचवीस शब्द, दोन्ही हात आणि घसा. तरी आमच्या हाउसमाइस्टरनं, वसतिगृहाची देखभाल बघणाऱ्या त्या कायम कावलेल्या माणसानं, माझ्या तीन सभ्य ई-मेलनंतरही न सुधारलेला हीटर निमीनं एकदा हाक मारताच पंधरा मिनिटांत दुरुस्त केला. जाताना तिच्याकडून साबुदाण्याच्या खिचडीची बशी घेऊन गेला. त्या थंडीत मी दोन स्वेटर घालून झोपले होते, आणि ऊब आली तेव्हा मला आनंदाऐवजी राग आला. अशी माझी गत.

आमच्या दोघींचाही विषय तांबंच होता, पण दोन टोकांचं. ती कॉम्प्युटरच्या चिप्समध्ये घालायच्या तांब्याच्या थरांवर काम करायची. केसापेक्षाही कितीतरी पातळ थर. "बाबा ठोकून पातळ करतात, मी फवारून करते," म्हणायची. माझा विषय मान्सफेल्डच्या बाजूचे जुने तांब्याचे डोंगर. म्हणजे खाणींतून आणि भट्ट्यांमधून निघालेल्या कचऱ्याचे ढीग. त्या भागात आठशे वर्षं तांबं काढलं, आणि बर्लिनची भिंत पडली त्याच्या पुढच्या वर्षी सगळं बंद झालं. उरले ते ढीग, आणि ढिगांच्या पायथ्याशी विझत चाललेली गावं. त्या ढिगांत अजून काय काय धातू आहेत आणि पावसाबरोबर कुठे झिरपतात, हे मला शोधायचं होतं. त्यासाठी मला नमुने हवे होते, पण कुठल्या खाणीतले, कुठल्या साली काढलेले, हे खात्रीनं माहीत असलेले. ढिगावरून उचललेला दगड तसा बेवारशी असतो.

असे नमुने एकाच माणसाकडे आहेत असं मला कळलं होतं. हेर लिंडनर. हेर म्हणजे श्रीयुत. तीस वर्षं खाणीत काढलेला म्हातारा. प्रत्येक खाणीतला एकेक तुकडा त्यानं चिठ्ठी लावून लाकडी पेटीत जपून ठेवला होता, असं गावच्या छोट्या संग्रहालयातल्या बाईंनी सांगितलं. मी इन्स्टिट्यूटचं शिक्क्याचं पत्र घेऊन तीनदा त्यांच्याकडे जाऊन आले. तिन्ही वेळा बोलणं फाटकावरच झालं. मी अतिशय नम्रपणे, आपली हरकत नसल्यास, आपल्याला सवड असल्यास, अशी जर्मन वाक्यरचना करून विचारायचे. ते मान तिरकी करून माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "जा, जा. नंतर बघू." त्या पेटीशिवाय माझा प्रबंध पुढे सरकणार नव्हता. प्रोफेसर प्रत्येक बैठकीत पेटीचं विचारायचे, आणि मी प्रत्येक बैठकीत 'पुढच्या महिन्यात' सांगायचे.

चौथ्यांदा निघाले तेव्हा निमीला बरोबर नेलं. प्रेमानं नव्हे. शनिवार-रविवारचं जे तिकीट असायचं त्यावर पाच जणांना जाता यायचं. एकटीनं काढलं तरी तेवढंच, म्हणून म्हटलं चल. माझ्या आयुष्यातला तो सर्वात महागात पडलेला काटकसरीपणा.

लाइपझिश आणि हालेला गाड्या बदलून आम्ही आइसलेबेनला उतरलो आणि तिथून बसनं गावाकडे. आइसलेबेन यायच्या आधीच गाडीतून ते ढीग दिसायला लागले तेव्हा निमी उभीच राहिली. सपाट शेतांतून अचानक वर आलेले काळपट, टोकदार डोंगर. "हे सगळं माणसांनी बाहेर काढलं?" तिनं आपल्या मोडक्या जर्मनमध्ये विचारलं. अख्ख्या डब्यानं वळून पाहिलं. समोरच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. आणि मग पुढची तीन स्टेशनं ती निमीशी बोलत राहिली. मी त्या रस्त्यानं तीनदा गेले होते. माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.

गावात बसथांब्यावर एक जुनं लोखंडी चाक अर्धं जमिनीत पुरून स्मारक केलेलं. शाळेच्या खिडक्यांना फळ्या. बेकरीच्या काचेवर पांढरी पडलेली 'भाड्यानं देणे' ही पाटी. निम्म्या घरांना पडदे नव्हते. तरुण सगळे पश्चिमेकडे गेले होते. लिंडनरांचा मुलगाही इंगोलश्टाटला गाड्यांच्या कारखान्यात होता. रस्ते मात्र विलक्षण. भट्टीतून निघालेल्या धातुमळीचे ठोकळे ओतून फरसबंदी केलेली, काळी, काचेसारखी चकाकणारी. निमीनं ते पाहिलं आणि भर रस्त्यात उकिडवी बसली. टक्. टक्. पुढचा ठोकळा. टक्. मान डावीकडे.

"निमे, ऊठ. लोक बघतायत."

लोक म्हणजे एकच माणूस बघत होता, आणि तो आपल्या फाटकाशी उभा राहून बघत होता. हेर लिंडनर. ते रस्त्यावर आले, गुडघा धरून कसेबसे वाकले, आणि निमीच्या शेजारच्या ठोकळ्यावर त्यांनी स्वतःच्या बोटानं टक् केलं. मग निमीकडे बघून म्हणाले, "ग्ल्युक आउफ." खाणकामगार खाली उतरताना एकमेकांना जे म्हणतात ते. मला ते तीन खेपांत एकदाही म्हणाले नव्हते.

"ग्ल्युक आउफ!" निमी ओरडली. तिला अर्थ माहीत नव्हता.

दहा मिनिटांनी आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात प्लमचा केक खात होतो. तेव्हा कुठे मला उमगलं की ड्रिलच्या आवाजानं लिंडनरांचे कान कधीच गेले होते. माझ्या मृदू आवाजातली ती सगळी देखणी वाक्यं त्यांना मुळी ऐकूच आली नव्हती. निमीचे वीस शब्द त्यांना पहिल्यांदाच लख्ख ऐकू येत होते. समोरासमोर बसून ते दोघं एकमेकांवर खुशाल ओरडत होते. तिनं हातवारे करून बाबा, हातोडी, ऐरण सगळं सांगितलं. त्यांनी स्वतःची तिरकी मान दाखवली. तांब्याचा थर हातभरही जाड नसायचा, म्हणून जुने लोक कुशीवर पडून खणायचे, आणि मान तशीच राहायची. निमीनंही मान तिरकी करून दाखवली आणि दोघं खदखदून हसले. मी केक चावत होते. केक चांगला होता.

त्यानंतर निमी दर महिन्याला यायला लागली. मी 'माझी फील्डवर्कची जागा' म्हणायचे, ती 'लिंडनरकाकांकडे' म्हणायची. पेटीचा विषय मी दर वेळी काढायचे आणि तो दर वेळी केकमध्ये बुडायचा.

आता किटलीचं.

स्वयंपाकघरात चुलीवरच्या फळीवर तांब्याची एक मोठी किटली होती. काळीकुट्ट. बाकीचं घर इतकं चकचकीत की ती किटली डोळ्यांत यायची. मार्चमधल्या एका शनिवारी लिंडनरांच्या पत्नी, फ्राउ लिंडनर, बटाटे सोलत होत्या, लिंडनर मागच्या बागेत माती उकरत होते. निमीनं किटली खाली काढली, वाजवली आणि हातातच धरून ठेवली. फ्राउ लिंडनरनी सुरी थांबवली आणि सांगायला लागल्या. ही किटली त्यांच्या इथल्याच तांब्याची. लग्नात लिंडनरांच्या भावानं करून दिलेली. दर शनिवारी घासायची हा नेम. पण खाण बंद झाली त्या दिवशी लिंडनर घरी आले आणि म्हणाले, हिच्यातला चहा आता नको, आणि हिला हात लावायचा नाही. तेव्हापासून ती तशीच काळी होत गेली. "माझ्या बहिणीनं एकदा पुसायला घेतली तर त्यांनी तिला घराबाहेर काढलं," त्या म्हणाल्या. "सख्ख्या मेहुणीला." एवढं सांगून त्या अंडी आणायला शेजारी गेल्या.

त्या माझ्याकडे बघून सांगत होत्या, कारण जर्मन मला येत होतं. भाषांतर करून निमीला सांगावं ही अपेक्षा.

मी सांगितलं नाही. सुरुवातीला सहजच राहिलं. मग निमी सिंककडे गेली, कपाटातून व्हिनेगर आणि मीठ काढलं, बाह्या वर केल्या, आणि माझ्याकडे वळून एकदा बघितलं. नीट बघितलं. त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. "थांब, ते फार चिडतील," एवढंच. पण माझ्या मनात काय आलं ते आजही स्वच्छ आठवतं. मनात आलं, घास. घासच. म्हणजे म्हातारा तुला हाकलेल, आणि हे घर परत माझं एकटीचं होईल. मी मूग गिळून बसले. वहीत तारीख घातली, काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं.

निमी घासत होती ते तिच्या घरातल्या बायका घासत असतील तसं. अंगठ्यानं, गोल, घाई नाही. काळ्यातून आधी तपकिरी, मग लाल, आणि मग नुकत्याच घासलेल्या तांब्याचा असतो तो कोवळा गुलाबी रंग. मला आईच्या देवघराची आठवण झाली आणि मी ती झटकून टाकली.

मागचं दार वाजलं. लिंडनर आत आले, हाताला माती. टेबलावर किटली. ते जागच्या जागी थांबले. तेवढ्यात फ्राउ लिंडनर अंडी घेऊन आल्या, बघितलं, आणि एका हातानं तोंड दाबलं. खोटं कशाला सांगू, मला भीती थोडी वाटत होती आणि मी वाट जास्त बघत होते.

"कुणी केलं?" लिंडनर म्हणाले.

"मी," निमी म्हणाली. मोठ्यानंच.

ते खुर्चीवर बसले. मग मातीचा हात पँटला पुसला, बोट वाकवलं, आणि टक् केलं. तिरकी मान आणखी तिरकी करून कान जवळ नेला. त्यांना काही ऐकू आलं की नाही, देव जाणे. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी पुसलं नाही. मग बायकोला म्हणाले, "हिल्डे, चहा टाक. हिच्यात."

चहा झाल्यावर ते तळघरात गेले आणि पेटी घेऊन आले. तीच पेटी. कप्पे, चिठ्ठ्या, बारीक अक्षर. ती त्यांनी निमीसमोर ठेवली. "आल्झो, तर मग, ही तुझी."

परतीच्या गाडीत लाइपझिशच्या अलीकडे निमीनं मांडीवरची पेटी उचलून माझ्या मांडीवर ठेवली. "मला काय करायचेत दगड? तुझंच काम आहे हे." मग झाकण उघडून त्यातला पाटीच्या दगडाचा एक तुकडा तिनं काढला. त्यावर बोटाएवढ्या माशाचा ठसा होता, खवल्यांवर तांब्याची झाक. "हा एक मी ठेवू? बाबांना दाखवते."

ठेव म्हटलं. आभार मानायला हवे होते. मला रडू येत होतं, आणि ते कृतज्ञतेचं नव्हतं. ज्या गोष्टीसाठी मी वर्षभर त्या फाटकाशी उभी राहिले, ती मला हिच्या हातून, मांडीवर ठेवलेली मिळावी याचं होतं.

प्रबंध झाला. त्या पेटीवरच झाला. परीक्षकांनी नमुन्यांचं विशेष कौतुक केलं. आभाराच्या पानावर मी प्रोफेसर घातले, इन्स्टिट्यूट घातली, आई-बाबा घातले, लिंडनर पती-पत्नी घातले. निमीचं नाव घातलं नाही. विसरले असं मी स्वतःला सांगितलं होतं. निमीनं ते पान वाचलं आणि म्हणाली, "काकांचं नाव छान आलंय. त्यांना नेऊन दाखवू." आणि दाखवलंही. माझ्याआधी जाऊन.

लिंडनर त्याच हिवाळ्यात गेले. आम्ही दोघी दफनाला गेलो होतो. नंतर फ्राउ लिंडनरनी चहा केला, त्याच किटलीत. किटली आरशासारखी होती.

निमी २००७च्या सप्टेंबरमध्ये परत गेली. तिला इथल्या चिपच्या कारखान्यात नोकरी मिळाली होती, ती तिनं घेतली नाही. बाबांना आता अजिबात ऐकू येत नव्हतं, आणि न ऐकता भांडं कसं ठोकायचं, ती म्हणाली. मला त्याच कारखान्यानं दोन ओळींत नकार कळवला होता, हे तिला माहीत नव्हतं. तिला सोडायला मी ड्रेस्डेनच्या हाउप्टबानहोफवर, मुख्य स्टेशनवर, गेले. वाटेत ठरवलं होतं की आज सांगून टाकायचं. किटलीचं, आणि जमलं तर आभाराच्या पानाचंही. ती परत जाणार, मी इथे राहणार. त्या गप्प बसण्याचं ओझं घेऊन राहायचं नव्हतं.

गाडी लागली. सामान आत गेलं. दारात उभी राहून निमीच म्हणाली, "मेधा, एक सांगायचं राहूनच गेलं. किटलीचं."

मी दाराचा दांडा धरला.

"त्या काय सांगत होत्या ते मला कळलं होतं गं. खाण बंद झाली, हात लावायचा नाही, बहिणीला हाकललं. तेवढं जर्मन येत होतं मला." सगळा प्लॅटफॉर्म ऐकत होता. "मला वाटलं, घरात कोणी गेलं तरी सुतक दहा दिवसांचं असतं. मग घर धुतात, भांडी घासतात, चूल पेटवतात. यांनी पंधरा वर्षं धरलं. कुणीतरी फेडायला नको? पण भीती मलाही वाटत होती. म्हणून तुझ्याकडे बघितलं. तू थांबवलं असतंस ना, तर मी ठेवून दिली असती. तू काही बोलली नाहीस. म्हटलं, हिलाही पटलंय. म्हणून धीर झाला." आणि तिनं माझा हात घट्ट दाबला. "ते तुझ्यामुळं झालं. काकांना पण मी तेच सांगितलं होतं."

माझी कबुली जिभेवर होती. तिच्या त्या समजुतीपुढे ती कशी काढायची मला कळेना. हळू बोललेलं तिला ऐकू गेलं नसतं, आणि ते सगळं मोठ्यानं बोलायचा घसा माझ्याकडे नव्हता. मी "बरं" म्हटलं. फक्त बरं. दारं लागली.

ती आत जाऊन खिडकीशी बसली. त्या गाड्यांच्या खिडक्या उघडत नाहीत. तिनं माझ्याकडे बघितलं, मधलं बोट वाकवलं, आणि काचेवर, बरोबर माझ्या चेहऱ्यासमोर, टक् केलं. मान डावीकडे कलती झाली. ओठ हलले. ती नेहमीच्या दोन निकालांपैकी एक काहीतरी म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच निमीचं बोलणं मला ऐकू आलं नाही.